अठरा जून रस्त्यावरचं एका बाजूचं पार्किंग काढलं तर?

मांडवीकाठी
मंडळी, एक प्रश्न टाकतोय. शिव्या घालायच्या असतील तर पूर्ण वाचून घाला.

पणजीतला अठरा जून रस्ता. चर्चकडच्या बागेपासून सांतिनेजपर्यंत. कपड्याची दुकानं, बँका, दवाखाने, चष्मेवाले, काजूवाले, खाण्याच्या जागा, सगळं इथेच, त्यामुळे पणजीत आलेला माणूस इथे एकदा तरी येतोच. कडेला चारचाक्या लावलेल्या, आणि दोन चारचाक्यांमध्ये फट दिसली की तिथे स्कूटर. फुटपाथ आहे की, नाही असं नाही, पण थोडं चाललं की दुकानाची पायरी आडवी येते, मग विजेचा डबा, मग कुंडी, मग कुणीतरी "दोनच मिनिटं" म्हणून चढवलेली ॲक्टिव्हा. मग आपण खाली उतरतो आणि गाड्यांच्या मागून भर रस्त्यातून चालतो. मी रायबंदरला राहतो, बसने येतो आणि शहरात सगळी कामं पायीच करतो, त्यामुळे हा रस्ता मला पायाने पाठ आहे.

माझं म्हणणं एवढंच. एका बाजूचं चारचाकी पार्किंग पूर्ण काढा. ती जागा फुटपाथला द्या, मधे मधे छोट्या इलेक्ट्रिक बसचे थांबे करा, आणि दुकानांचा माल उतरवायला ठरावीक वेळेच्या जागा ठेवा. सायकलला वेगळी पट्टी मी मागत नाही, या रस्त्यावर गाड्या पंचवीस-तीसच्या वर जाणार नाहीत असं केलं की सायकल त्यातच चालते. रस्ता सगळ्या गाड्यांना बंद करा असंही म्हणत नाहीये, कृपया ते माझ्या तोंडी घालू नका.

तर प्रश्न असा की तुम्ही या रस्त्यावर कशाला जाता, कसे जाता, आणि गाडी लावायला जागा नसेल तर जायचं बंद कराल का? खरं सांगा.

पात्रांव
जागा आत्ता तरी कुठे मिळते? मी चकरा मारमारून शेवटी आल्तिनच्या टेकडीवर लावतो आणि उतार उतरून खाली येतो. म्हणजे तुमच्या हिशेबात मी पादचारीच झालो की.

मडगावची_माई
मी शटलने येते. मडगावहून कदंब स्टँडपर्यंत काही त्रास नाही, बसायला मिळतं, गाडी मधे थांबत नाही. खरी परीक्षा स्टँडवर उतरल्यावर. पाटोच्या पुलावरून पलीकडे यायचं, मग ऊन, मग तो ट्रॅफिक. एप्रिल-मे मध्ये छत्री उघडून चालते, लोक हसतात, हसू देत. गुडघे दुखत असले की सरळ पायलट करते. पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवर मागे बसून साडी सांभाळत अठरा जूनला उतरणारी बाई दिसली तर ती मी :)

तुमच्या नकाशात पायलटांना जागा ठेवा हं. तुम्ही तरुण लोक बस बस करता आणि त्या बिचाऱ्यांना विसरता. सुटे पैसे नसले तरी ओळखीवर सोडतात.

कापडवाला
या रस्त्यावर आमचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. म्हणून जरा मोठं लिहितो.

तुम्ही सगळे चालणारे लोक आहात, चांगली गोष्ट आहे. पण लग्नाची खरेदी करायला काणकोणहून, सावर्ड्याहून जे कुटुंब येतं ते गाडीने येतं. सात माणसं, त्यात आजी, त्यात लहान पोर, आणि परत जाताना आठ पिशव्या. त्यांना मी सांगू की पाटोवर गाडी लावा आणि चालत या? ते मला हो म्हणतील आणि पर्वरीच्या मॉलमध्ये जातील, तिथे गाडी तळघरात जाते आणि वर लिफ्ट आहे. गिऱ्हाईक भांडत नाही हो, ते नुसतं यायचं बंद होतं.

दुसरं. स्मार्ट सिटीच्या नावाने पणजी किती खणली ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. दुकानातल्या पांढऱ्या कपड्यावर दिवसातून किती वेळा फडकं मारायचं? २०२४ च्या एप्रिलमध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती स्वतः शहरात फिरून त्या कामांची धूळ बघून गेले, एवढी वेळ आली होती. ते सगळं आत्ता कुठे खाली बसतंय आणि तुम्ही म्हणता परत रस्ता बदला. परत खणायचं नाव काढलंत तर मी पहिला आडवा पडेन.

तिसरं, सगळे प्रयोग दुकानदाराच्याच दारात का होतात? सरकारी कचेऱ्यांसमोरच्या राखीव पार्किंगवर कोणी धागा काढत नाही.

पात्रांव
शेवटच्या वाक्याला +१००

सायकलवरचा_पोदेर
कापडवालेभाई, तुमचं दुःख खरं आहे, पण "सगळे प्रयोग दुकानदाराच्या दारात" हे पटलं नाही. सायकलवाल्यांवर तर प्रयोगसुद्धा होत नाहीत. गोव्यात सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर सायकलवर, पोर्तुगीज गेले, राज्य झालं, विमानतळ दोन झाले, पोदेर अजून सायकलवरच आहे आणि त्याच्यासाठी कोणी एक फूट रस्ता आखला नाही.

२०१९ मध्ये मिरामारला आयर्नमॅन (पोहणं, सायकल, धावणं अशी शर्यत) सुरू झाली तेव्हा मी बघायला गेलो होतो. परदेशी सायकलींसाठी रस्ता झाडून पुसून मोकळा, चौकाचौकात पोलिस, शिट्ट्या. आयर्नमॅनला रस्ता मिळतो, आमच्यासारख्या पत्र्याच्या मॅनने काय करायचं?

नकाशेबाज
धागा आवडला. व्यवसायाने आर्किटेक्ट आहे, रस्त्यांची थोडी कामं केली आहेत, म्हणून जरा हिशेब मांडतो.

कडेला सरळ रांगेत लावलेल्या चारचाकीला पुढे-मागे हलायच्या जागेसकट साधारण सहा मीटर लागतात. म्हणजे शंभर मीटर रस्त्याला फार तर सोळा गाड्या. सोळा! एवढ्या लांबीत दोन्ही बाजूंना, वरच्या मजल्यांसकट, किती दुकानं आणि ऑफिसं असतील ते डोळ्यासमोर आणा. त्यातल्या प्रत्येकाच्या मालकाने आणि मॅनेजरने सकाळी येऊन आपली गाडी समोर लावली तर गिऱ्हाइकाला सकाळी दहालाच जागा संपलेली. तीच सोळा ठिकाणं जर तासाभराने रिकामी होत राहिली तर दिवसभरात शंभराच्या वर गाड्या येऊन जातील. म्हणून कापडवालेभाईंना विचारायचंय की तुमच्या दारासमोर जी गाडी उभी असते ती काणकोणच्या आजींची असते का शेजारच्या ऑफिसातल्या साहेबांची?

अमेरिकेत डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी आयुष्य पार्किंगच्या अभ्यासात घातलं. त्यांचं सांगणं साधं होतं, रस्त्यावरच्या पार्किंगचा दर असा ठेवा की कधीही गेलं तरी पंधरा टक्के जागा रिकामी सापडेल. दर फार कमी असला की जागा दिवसभर अडते आणि बाकीचे चकरा मारतात (पात्रांव, तुमच्याबद्दल चाललंय). ट्रॅफिक ट्रॅफिक म्हणतो त्यातला बराचसा भाग या चकरांचाच असतो.

आणि खणण्याबद्दल. पहिल्या टप्प्यात खणायची गरजच नाही. रंगाचा पट्टा, कुंड्या, हलवता येणारे खांब, बस. सहा महिने बघा, नाही जमलं तर एका रात्रीत उचलता येतं. जगात बहुतेक ठिकाणी आधी असंच करतात. गटार आणि फरशी नंतर.

मिसिसॉगाचा_म्हापसेकार
इकडे कॅनडात म्हापसेकार, शिवोलकार, हळदोणेकार एवढे आहेत की मला कधी कधी वाटतं बार्देश तालुकाच उठून आलाय. असो. नकाशेबाज म्हणतात तसा "आधी करून बघू" प्रकार टोरांटोत माझ्या डोळ्यासमोर झाला म्हणून लिहितो.

किंग स्ट्रीट म्हणून शहराच्या मधोमध जाणारा रस्ता आहे, त्यावर ट्राम. ट्रामला स्वतःची वाट नाही, गाड्यांच्या गर्दीत अडकायची, लोक ट्राममधून उतरून चालत पुढे जायचे आणि ट्रामच्या आधी पोचायचे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये साधारण अडीच किलोमीटरच्या पट्ट्यात प्रयोग सुरू केला. कारला बंदी नाही! कार येऊ शकते, पण बहुतेक चौकांत सरळ जाता येत नाही, उजवीकडे वळायलाच लागतं. म्हणजे ज्याचं त्या रस्त्यावर काम आहे तो येतो, आणि ज्याला नुसतं आरपार जायचंय तो आपोआप दुसरा रस्ता धरतो. कडेचं पार्किंग काढलं, तिथे थांबे, बाकडी, हॉटेलांची टेबलं. खर्च रंग आणि सिमेंटच्या ठोकळ्यांचा.

हॉटेलवाले काय चिडले! एकाने तर थंडीत दाराबाहेर बर्फाची मोठी मूर्ती करून ठेवली, मधलं बोट वर केलेली, नगरपालिकेसाठी. कापडवालेभाई, तुम्हाला पणजीत बर्फ टिकणार नाही, दुसरं काहीतरी शोधा.

पण ट्रामचे रोजचे प्रवासी बहात्तर हजारांवरून चौऱ्याऐंशी हजारांवर गेले, आणि २०१९ मध्ये प्रयोग कायमचा केला. पुढची गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून तीही सांगतो. नंतर पोलिसांचं लक्ष उडालं, शेजारच्या रस्त्यांवर कामं निघाली, गाड्या बिनधास्त सरळ जायला लागल्या आणि ट्राम परत रेंगाळली. २०२३ मध्ये चौकात माणसं उभी केली ट्रॅफिक वळवायला, तेव्हा कुठे परत सुधारलं. पाट्या लावून रस्ता बदलत नाही, तिथे रोज कोणीतरी उभं राहावं लागतं.

डिचोलकर
सगळं छान आहे. टोरांटोची ट्राम, शूप साहेब. मी डिचोलीहून रोज पणजीला येतो. मला एक सांगा, बस कुठे आहे?

सकाळी खाजगी बस स्टँडवरून निघते ती भरेपर्यंत निघतच नाही, मग मागची बस दिसली की विमानासारखी सुटते. कंडक्टर दारात लटकून "फाटीं वच, फाटीं वच" आणि मागे जायला जागा औषधाला नाही. संध्याकाळी अंधार पडला की बसची संख्या उतरते, आणि ऑफिसात मीटिंग लांबली की माझ्या पोटात गोळा येतो. यामुळेच माणूस कर्ज काढून स्कूटर घेतो. गोव्यात नोंदलेल्या गाड्यांचा आकडा लोकसंख्येच्या आकड्याला जाऊन टेकला तो काय हौसेने? कदंब महामंडळ १९८० पासून आहे, म्हजी बस योजनेत खाजगी बसवाल्यांनाही कदंबबरोबर जोडायला घेतलं, चांगलंच आहे, पण रात्री नवाला मला डिचोलीला न्यायला कोण आहे ते सांगा.

आधी बस द्या. मग पार्किंग काढा. उलट केलंत तर मार आमच्यासारख्यांनाच बसणार, श्रीमंत माणूस ड्रायव्हरला "फिरत राहा रे" म्हणून खरेदी करून येईल.

कापडवाला
डिचोलकर, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. टोरांटोत ट्रामपाठोपाठ ट्राम येत असणार म्हणून ते जमलं.

नकाशेबाज, तुमच्या प्रश्नाचं उत्तर उद्या देतो, आत्ता दुकान बंद करायची वेळ.

मांडवीकाठी
डिचोलकर, गावांकडची बस आणि शहरातली बस हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मला वाटतं. तुमचा रात्री नऊचा प्रश्न अठरा जूनच्या फुटपाथने सुटणार नाही, मान्य. पण शहरातली फेरी तुलनेने सोपी आहे. पाटोचं बहुमजली पार्किंग, कदंब स्टँड, बाग, अठरा जून, सांतिनेज, मिरामार आणि परत. एका फेरीला समजा चाळीस मिनिटं लागली आणि दर पाच मिनिटांनी बस हवी, तर आठ बसेस रस्त्यावर हव्यात. आठ. हे काही चंद्रावर जाणं नाही. गंमत म्हणजे रस्ता मोकळा झाला आणि फेरी तीस मिनिटांत झाली तर तेच काम सहा बसेस करतील. त्यामुळे "आधी बस मग रस्ता" हे तितकं सरळ नाही, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बसला कितीही पैसे घाला, ती अडकलेलीच राहते.

निळी_छत्री
मी व्हीलचेअरवर आहे म्हणून दोन गोष्टी.

२०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंगांसाठीचा महोत्सव, झाला तेव्हा ते काही दिवस मला रॅम्प, स्वयंसेवक, सगळं मिळालं, खूप बरं वाटलं. एरवी त्याच शहरात मला फुटपाथच्या एका टोकाला रॅम्प मिळतो आणि दुसऱ्या टोकाला पायरी. म्हणजे चढायची सोय आहे, उतरायची नाही. मग आलं त्याच वाटेने उलटं जायचं.

आणि स्कूटर चढू नये म्हणून जे खांब लावतात त्यांच्यातलं अंतर कृपया खुर्ची घेऊन मोजा. स्कूटर हँडल वाकवून जाते, मी अडकते.

नकाशेबाज
निळी छत्री, अगदी बरोबर. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था, तिच्या मार्गदर्शिकेत लिहिलेलंच आहे, चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, मधे काही आडवं न येता, आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. १.८ का, तर दोन व्हीलचेअर एकमेकींच्या बाजूने जाऊ शकाव्यात म्हणून. आपल्याकडे चढायला वेगळी तालीम लागेल असे फुटपाथ करतात.

यात पणजीची एक खास भानगड आहे. हा भाग सखल. पावसाळ्यात वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडतो, आणि जोराची सर व मांडवीची भरती एकत्र आली की गटाराचं पाणी बाहेर जाऊच शकत नाही, अठरा जूनवर तळं. म्हणून दुकानदार पायरी उंच करतो, मग फुटपाथ उंच होतो, मग डांबराचा अजून एक थर येतो आणि परत दुकानदार पायरी वाढवतो. त्यामुळे पुढे कधी पक्कं काम झालंच तर जुना थर खरवडून काढूनच नवा घालायचा, ही पहिली अट असायला हवी. आणि सावली हवी. झाडं लावायला जागा कुठून येईल? पार्किंगच्या पट्ट्यातूनच, दर तीन-चार गाड्यांमागे एक आळं.

पुणेरी_पाहुणा
पणजीत सासर आहे म्हणून बोलायचा अधिकार घेतो. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले, बाकडी, झाडाखाली बसायच्या जागा. संध्याकाळी तिथे म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन बसलेली दिसतात, हे आधी शक्य नव्हतं. लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिन केला, दिवसभर गाड्या बंद, लोक अक्षरशः रस्त्याच्या मधोमध उभे राहून फोटो काढत होते. दुकानदारांची कुरकुर होतीच.

पण वाईटही सांगतो. फुटपाथ रुंद झाला की गर्दीच्या वेळी दुचाकीवाल्यांना ती जादा लेन वाटते. आणि बीआरटीचं, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकेचं, तर विचारूच नका, स्वारगेट-कात्रजला २००६ मध्ये सुरू केली, बसच्या मार्गिकेत सगळे घुसायचे, शेवटी मार्गिका कुठली आणि रस्ता कुठला कळेना. दिल्लीत चांदनी चौकात २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे, रस्ता सुंदर झालाय लाल दगडाचा, तिथेही स्कूटर घुसतातच.

पात्रांव
पुणेकर आले. आता दुपारी एक ते चार धागा बंद.

पुणेरी_पाहुणा
हाहा, पण साहेब, पहिल्यांदा सासरी आलो तेव्हा दुपारी दोनला चप्पल तुटली म्हणून अठरा जूनवर गेलो होतो. अर्ध्याहून जास्त शटरं खाली. पुण्याला उगाच बदनाम करता, झोपायची खरी तालीम गोव्यात आहे.

मडगावची_माई
आमची दुपारची झोप काढू नका हो कोणी. मासळीचं हुमण आणि भात खाऊन दुकान उघडं ठेवणं हा अत्याचार आहे.

मांडवीकाठी
थांबा थांबा, यात मुद्दा आहे! माल उतरवायची वेळ दुपारची ठेवली तर? एक ते साडेतीन रस्ता तसाही अर्धा रिकामा असतो. टेम्पो तेव्हा येऊ दे. आत्ता सकाळी अकरा वाजता टेम्पो दुहेरी रांगेत उभा राहतो आणि मागे आख्खी पणजी हॉर्न वाजवत बसते.

कापडवाला
आणि माझा नोकर झोपणार कधी? हमाल माणूस नाही का? :)

गंमत सोडा, सकाळी नऊच्या आधी चालेल. किंवा रात्री आठनंतर. भिवंडी, सुरतहून येणारा माल ट्रान्सपोर्टच्या वेळेने येतो, तो माझ्या हातात नाही, पण ट्रान्सपोर्टच्या गोदामातून दुकानात कधी आणायचा ते माझ्या हातात आहे. यावर दुकानदार बोलतील. हा पहिला मुद्दा या धाग्यावरचा, ज्यात आम्हाला काही विचारलं गेलं.

सायकलवरचा_पोदेर
रस ऑम्लेटचे गाडे कुठे जाणार पण? फुटपाथ सुंदर झाला की पहिली कुऱ्हाड गाड्यांवर येते.

पात्रांव
रस ऑम्लेटला हात लावलात तर मी कापडवालेभाईंच्या शेजारी आडवा पडेन. कडक पाव, वरून शाकुतीचा रस, कांदा, लिंबू. रात्री नऊला पाऊस पडत असताना. तुम्ही फुटपाथ घ्या, बस घ्या, मला गाडा ठेवा.

मडगावची_माई
मडगावला नगरपालिकेजवळ एक

मडगावची_माई
अर्धंच गेलं. मडगावला चांगले गाडे आहेत असं म्हणत होते. पणजीत भाजी-पाव बरा, ऑम्लेट मडगावचंच.

पात्रांव
माई, हे युद्ध आहे.

नकाशेबाज
गाड्यांबद्दल गंभीरपणे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, त्यात शहर फेरीवाला समिती करून त्यांच्या जागा ठरवायच्या आहेत, म्हणजे उचलून फेकता येत नाही. आणि डिझाइनच्या बाजूनेही गाडा हवाच. रात्री आठला दुकानं बंद झाली की सामसूम फुटपाथ बायकांना नको वाटतो, गाडा असला की दिवा असतो, माणसं असतात.

ॲडमिन
टॅक्सी, ॲप टॅक्सी आणि कॅसिनोवरचे काही प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे रस्त्यावर बोला. ऑम्लेटचं भांडण राहू दिलं आहे.

डिचोलकर
कॅसिनोवरचा माझा प्रतिसाद उडाला, असू दे. पण एक वाक्य रस्त्यावरचंच होतं. पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामाने महामार्गावर आधीच जीव मेटाकुटीला येतो, तिथून कसाबसा मांडवी ओलांडून माणूस पणजीत शिरतो, आणि त्याला तुम्ही म्हणणार की आता इथेही जागा कमी केली आहे. त्याच्या जागी उभं राहून बघा. पूल बांधायला आपण कायम तयार असतो. १९८६ मध्ये पडला तो जुना, मग नवा, मग जुन्याच्या जागी दुसरा, मग २०१९ ला अटल सेतू. मांडवीवर एवढे पूल आले आणि त्या सगळ्या गाड्या शेवटी त्याच शंभर वर्षांपूर्वीच्या गल्ल्यांत येऊन उतरतात.

मिसिसॉगाचा_म्हापसेकार
डिचोलकर, तुमच्या शेवटच्या वाक्याने तुम्ही मांडवीकाठींच्या बाजूला गेलात, लक्षात आलं का :D

डिचोलकर
मी कोणाच्या बाजूला नाही. मी बसच्या बाजूला आहे.

कापडवाला
नकाशेबाज, काल उत्तर देतो म्हटलं होतं. आज मुद्दाम पाहिलं. माझ्या दारासमोरच्या ज्या गाड्या दिसतात त्यांतल्या निम्म्या आमच्याच बिल्डिंगमधल्या आहेत. वरचे सीए, बाजूचा डेंटिस्ट, पलीकडचा मोबाइलवाला. एक रेंटची गाडी, काळ्या पाटीची, पर्यटक लावून कुठे गेले देव जाणे.

तरी माझं मत बदललं असं लिहू नका. माझं म्हणणं असं आहे की गिऱ्हाइकाची गाडी आणि आमची गाडी यात फरक करा. पहिल्या तासाला थोडे पैसे, दुसऱ्याला जास्त, तिसऱ्याला इतके की डेंटिस्ट स्वतःच्या दाढा धरेल. हे आधी करा. त्याने गिऱ्हाइकाला जागा मिळायला लागली तर मग एका बाजूचं काढायचं बोलू. आणि म्हाताऱ्या, अपंग माणसांना दारात उतरवायला दर थोड्या अंतरावर एक जागा, तिथे गाडी लावून जायचं नाही, फक्त उतरवायचं.

निळी_छत्री
ती उतरवायची जागा फुटपाथच्या पातळीला उताराने जोडलेली हवी, एवढं जोडा. मग मला चालेल.

नकाशेबाज
कापडवालेभाई, हे क्रमाने अगदी बरोबर आहे. दर लावणं, मग मोकळी झालेली जागा मोजणं, मग काढणं. फक्त मोजल्याशिवाय बोलू नये असं वाटतं. नाहीतर सहा महिन्यांनी तुम्ही म्हणाल धंदा बुडाला, मांडवीकाठी म्हणतील वाढला, आणि दोघांकडे पुरावा नाही. पद्धत सोपी आहे. सकाळी, दुपारी दुकानं बंद व्हायच्या आधी आणि संध्याकाळी, त्याच पट्ट्यातल्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे वहीत लिहायचे. जो नंबर तिन्ही वेळेला त्याच जागी दिसला तो दिवसभराचा. दुकानात येणाऱ्याला एकच प्रश्न, आज कसे आलात. बस, पायी, दुचाकी, चारचाकी, पायलट.

मांडवीकाठी
मी तयार आहे. चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस नकोत, तेव्हा सगळा गोवा पणजीत असतो, आकडे फुगतील. डिसेंबरही नको, चर्चच्या फेस्ताची फेरी (जत्रा) आणि पर्यटक. ऑक्टोबरमधला साधा कामाचा दिवस घेऊ आणि एक शनिवार. बागेपासून सुरुवात, शंभर-शंभर मीटरचे तुकडे. पाच-सहा जण लागतील.

कापडवाला
माझ्या समोरचा तुकडा मी देतो, आमचा मुलगा मोजेल. माझी पांढरी गाडी सकाळी साडेनऊपासून तिथेच दिसेल, तीही लिहा, लपवायचं काही नाही. पाटोला लावायला माझी ना नाही, फक्त तिथून निघणारी तुमची पाच मिनिटांची बस आधी दाखवा. मोजणाऱ्यांना चहा दुकानात.

पात्रांव
चहाबरोबर बन्स असतील तर मी दोन्ही बाजू मोजतो.

मडगावची_माई
संध्याकाळची पाळी मला द्या. पण मोजून झाल्यावर मला मडगावची शटल मिळाली पाहिजे.

डिचोलकर
माई, तिकिटाच्या रांगेत आत्तापासून उभ्या राहा.